नाच तुटू न देता गाणं कसं बदलायचं: नवीन डीजेसाठी ट्रांझिशन

हळदीच्या मांडवात दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळतंय, डीजे शिकलेला हाय का नुसती गाणी लावणारा हाय. शिकलेला असला की गाणं कधी बदललं ते नाचणाऱ्यांना कळतच नाही, पाय चालूच राहतात. नसला की दर तीन मिनिटांनी एक खड्डा पडतो, सगळे थांबतात, एकमेकांकडं बघतात आणि मागनं कोणतरी ओरडतंय, "का बंद केलास की रे!" आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात डॉल्बीची हौस प्रत्येक गल्लीत आहे, नवीन पोरं कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचं डीजेचं मशीन) घेतात, पण पहिल्या दिवसापासनं इफेक्टची बटणं दाबत बसतात, आणि ज्यानं खरं ट्रांझिशन होतं ते शिकायचं राहूनच जातं. माझं म्हणणं एकच आहे, चांगलं ट्रांझिशन हातानं नंतर होतं, मोजण्यानं आधी होतं. कुठल्या ठोक्यावर दुसरं गाणं सोडायचं हे जमलं की साधा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकती पट्टी) सुद्धा पुरतो, आणि ते नाही जमलं तर लाखाचं मशीनसुद्धा काही करू शकत नाही.

सामानाचं लवकर उरकतो. लॅपटॉप असेल तर मिक्स (Mixxx) हे सॉफ्टवेअर पूर्ण फुकट मिळतंय, विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं, शिकायला त्याहून जास्त काही लागत नाही. कंट्रोलर घ्यायचाच असेल तर पायोनियरचा डीडीजे ४०० किंवा त्याच्यानंतर आलेला एफएलएक्स ४, नाहीतर हर्क्युलिसचा छोटा, कुठलाही चालेल, जुना मिळाला तर अजून बरं. हे छोटे कंट्रोलर लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतात त्यामुळं करंट गेला तरी बॅटरी आहे तोवर प्रॅक्टिस चालू राहते. एक गोष्ट मात्र पाहिजेच पाहिजे, हेडफोनला वेगळा आवाज आणि स्पीकरला वेगळा आवाज. नुसत्या लॅपटॉपच्या एका पिनवर हे जमत नाही, कंट्रोलर नसेल तर बारीकसं यूएसबी साउंडकार्ड घे. पुढचं गाणं लोकांना ऐकू न येता आपल्याला कानात ऐकता येणं, सगळा खेळ याच्यावरच आहे.

आता मोजणी. ज्यानं गावात भजनात टाळ धरलाय किंवा तबला शिकलाय त्याला हे अर्धं आधीच येतंय, कारण समेवर येणं म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही. डीजेच्या गाण्यात चार ठोक्यांचा एक बार असतो, एक दोन तीन चार, आणि त्यातला एक म्हणजे आपली सम. असे चार बार झाले की १६ ठोके, आठ बार झाले की ३२, आणि बहुतेक नाचायची गाणी या १६ नाहीतर ३२ च्या तुकड्यांत बांधलेली असतात. नीट ऐकलास तर दर ३२ ठोक्यांनी काहीतरी बदलतंय, नवीन वाद्य येतं, ढोल थांबतो, गायक सुरू होतो, धृपद परत येतं. या तुकड्याला फ्रेज म्हणतात. १२८ बीपीएमच्या (म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या) गाण्यात ३२ ठोके बरोबर १५ सेकंदांत संपतात, १०० बीपीएमला साधारण १९ सेकंद लागतात. म्हणजे तुझ्याकडं वेळ असतो, घाई करायचं काहीच कारण नाही.

पहिले काही दिवस कंट्रोलरला हातसुद्धा लावू नको. गाडीवर जाताना नको, पण बसमध्ये, दुकानात बसून, जेवताना, जे गाणं वाजतंय त्याचे ठोके बोटांवर मोज, आणि फ्रेज कधी बदलणार हे आधीच सांगायचा प्रयत्न कर. "आता बदलणार" म्हटलास आणि बदललं, असं दहापैकी नऊ वेळा व्हायला लागलं की मग मशीनसमोर बस. मला विचारशील तर अख्ख्या शिकण्यातला सगळ्यात किमती भाग हाच आहे, आणि सगळ्यात जास्त पोरं हाच सोडतात, कारण त्याच्यात दिवे लागत नाहीत.

मग येतं बीट मॅच करणं, म्हणजे दोन गाण्यांचा वेग एक करून ठोक्यावर ठोका बसवणं. स्पीकरवर एक गाणं चालू आहे, दुसरं हेडफोनमध्ये, हेडफोनचा एक कान लावायचा आणि एक मोकळा ठेवायचा. दुसऱ्या गाण्याची पहिली सम शोधून तिथं क्यू (गाणं जिथनं सुरू करायचं ती खूण) लाव. चालू गाण्याच्या समेवर प्ले दाब. आता ऐक, दोन्ही ठोके एकत्र पडतायत का घोड्याच्या टापांसारखे मागंपुढं होतायत. मागंपुढं होत असतील तर जॉग व्हील (कंट्रोलरवरची गोल चकती) एका दिशेला हलकंच ढकल, जास्त बिघडलं तर उलट्या दिशेला ढकल, इतकं सोपं आहे. पण ढकलून ठोका तात्पुरता जुळतो, वेग जुळत नाही. सारखं पुढंच ढकलावं लागत असेल तर नवीन गाणं हळू आहे, पिच फेडरनं (वेग बदलायच्या उभ्या पट्टीनं) वेग थोडा वाढव, सारखं मागं ओढावं लागत असेल तर कमी कर. ऐकताना किकच्या (मोठ्या ड्रमच्या) धप्प आवाजापेक्षा टाळीच्या नाहीतर हाय-हॅटच्या (ड्रमसेटमधल्या झांजेच्या) आवाजाकडं लक्ष दे, तो बारीक आणि टोकदार असतो, फरक लगेच कळतो.

किती बारीक जुळलं पाहिजे ते बघ. एक गाणं १०० वर आहे आणि दुसरं १००.५ वर, बघायला गेलं तर अर्धा बीपीएम, पण १२ सेकंदांत दहावा भाग ठोका सरकतो, म्हणजे ६० मिलिसेकंद, आणि तेवढं साध्या माणसालासुद्धा डबल ठोका म्हणून ऐकू येतं. एक मिनिट तसंच सोडलास तर बरोबर अर्धा ठोका पुढं जाऊन सगळा गोंधळ. म्हणून दोन गाणी एकत्र चालू असताना कान काढायचा नाही आणि मोबाईल बघायचा नाही.

दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणाबद्दल सगळे भांडतात. मी त्याच्या विरोधात नाही, पण कान तयार झाल्यावर. फ्रान्सिस ग्रासो हा डीजे न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी दोन रेकॉर्ड जुळवायचा तेव्हा स्क्रीनच नव्हती, टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये आलं आणि १९७९ च्या त्याच्या एमके २ मध्ये ८ टक्के वरखाली होणारा सरकता पिच फेडर आला, तुझ्या कंट्रोलरवरचा उभा फेडर त्याच घराण्यातला. सिंक चालतं ते सॉफ्टवेअरनं गाण्यावर आखलेल्या बीटग्रिडवर, ग्रिड चुकलं की सिंक चुकतं, आणि आपल्या गाण्यांत ते लई वेळा चुकतं. का ते पुढं सांगतो.

आता एक ट्रांझिशन ठोक्या-ठोक्यानं करून बघू. डाव्या डेकवर (कंट्रोलरच्या डाव्या बाजूवर) गाणं चालू आहे १०४ वर. उजव्या डेकवर तयार आहे १०० चं, त्याला ४ टक्के वाढवून १०४ केलं, की-लॉक चालू ठेवला म्हणजे गायकाचा सूर चढत नाही. (की-लॉक बंद असेल तर साधारण ६ टक्क्यांना सूर एक पट्टी वर सरकतो, पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं.) डाव्या गाण्याचं शेवटचं धृपद संपतंय, त्याच्यानंतर ३२ ठोके नुसतं म्युझिक आहे. उजव्या गाण्याची सुरुवात ३२ ठोक्यांची आहे, त्यात गायक नाही. उजव्या डेकचा लो (बेसचा नॉब) पूर्ण खाली, गेन (गाण्याच्या मूळ आवाजाची पातळी) आधीच बघून घेतलेला.

धृपद संपून जी सम येते त्या समेवर उजवं प्ले. पहिल्या १६ ठोक्यांत उजवा फेडर हळूहळू वर. लोकांना अजून काही कळत नाही, फक्त वरनं काहीतरी किणकिण मिसळल्यासारखं वाटतं. १७ व्या ठोक्यावर, म्हणजे पुढच्या समेवर, दोन्ही हात एकदम, डाव्याचा लो खाली आणि उजव्याचा लो वर. ही बेसची अदलाबदल. मांडवातली जमीन ज्या गाण्यानं हलते ते गाणं या एका ठोक्यात बदललं. राहिलेल्या १६ ठोक्यांत डाव्याचा मिड (मधल्या आवाजाचा नॉब) कमी कर, मग फेडर खाली आण, आणि ३३ व्या ठोक्यावर उजव्याचा गायक तोंड उघडतो तेव्हा डावं पूर्ण गेलेलं पाहिजे. हे सगळं साडेअठरा सेकंदांत झालं. नंतर आठवणीनं डाव्या डेकचे तिन्ही नॉब (लो, मिड, हाय) परत मध्यावर आण, नाहीतर पुढचं गाणं बेसशिवाय सुरू होतं आणि मांडवातल्या सगळ्यांचं तोंड तुझ्याकडं वळतं.

दोन बेस एकत्र का नाही? दोन किक एकमेकांवर पडल्या की एकतर दणका दुप्पट होऊन अॅम्प्लिफायर क्लिप होतो म्हणजे आवाज फाटतो, नाहीतर दोघी एकमेकींना खातात आणि आवाज पोकळ होतो. दोन गायकांचंही तसंच, गाण्यावर गाणं चढलं की दोन्हीचे शब्द जातात आणि सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ वाया जाते. एका वेळी एक बेस, एक गळा. याच्यापुढं सगळे नियम मोडलेस तरी चालतील.

आता आपल्या भागाचं खरं दुखणं. आपल्या हळदीत एकाच तासात मराठी, कन्नड, हिंदी, मधी एखादं कोकणी, सगळं वाजतं, आणि गाणी पण एका साच्यातली नसतात. जुन्या गाण्यात खरे वादक वाजवत होते, कॉम्प्युटरची क्लिक नव्हती, त्यामुळं गाणं सुरुवातीला ९८ वर असतं आणि शेवटी १०१ वर पोचतं. सॉफ्टवेअर एकच आकडा दाखवतं आणि ग्रिड अर्ध्या गाण्यानंतर घसरलेलं असतं. अशा गाण्यात सिंकवर विश्वास टाकू नको. दोन उपाय आहेत, एक म्हणजे जिथनं बाहेर पडणार आहेस त्या जागेजवळ ग्रिड हातानं परत बसव, आणि दुसरा, मला जास्त आवडतो तो, बाहेर पडायच्या जागी चार ठोक्यांचा नाहीतर आठ ठोक्यांचा लूप लाव, म्हणजे तेवढाच तुकडा परत परत वाजत राहतो. लूप लावला की वेग तिथंच बांधला जातो, मग निवांत दुसरं गाणं जुळव.

दुसरं दुखणं तालाचं. केहरवा आठ मात्रांचा, तो चारच्या हिशोबात सरळ बसतो, आजची बहुतेक डीजे गाणी तशीच आहेत. पण दादरा सहा मात्रांचा, आणि आपली कितीतरी कोळीगीतं, हलगीचे ठेके तीन-तीनच्या झोक्यावर चालतात. सॉफ्टवेअर अशा गाण्याला कधी बरोबर आकडा देतं, कधी दीडपट, कधी दोन तृतीयांश. ९० चं गाणं तुला १३५ दाखवलं तर घाबरायचं नाही, पायानं ठोका धर, जिथं माणूस नाचताना पाऊल टाकतो तो खरा बीपीएम. आणि तीनच्या झोक्यावर चारचा ठोका कधीच लांब वेळ चढवू नको, पावलं जुळली तरी मधले ठोके एकमेकांच्या मधी पडतात आणि कानाला खडे लागल्यासारखं होतं. तिथं लांब मिक्स करायचंच नाही. हलगीचा तुकडा संपताना शेवटच्या समेवर एको (प्रतिध्वनीचा इफेक्ट) लाव, फेडर बंद कर, एको विरत असताना पुढच्या समेवर चारचं गाणं पूर्ण आवाजात सोड. नाहीतर मधी फक्त गायकाची एखादी ओळ ठेव, जिच्याखाली ठोकाच नाही, आणि तिच्या शेवटाला नवीन ताल. आपली माणसं हलगीवरनं डॉल्बीवर एका उडीत येतात, त्यांना लांब मिक्स नको असतं, सम चुकली नाही म्हणजे झालं.

वेगातली मोठी उडीपण अशीच. फरक पाच-सहा टक्क्यांच्या आत असेल तर फेडरनं जुळव, त्याच्याबाहेर ओढून ताणून जुळवलेलं गाणं आजारी वाटतं. ७० आणि १४० सरळ जुळतात कारण एक दुसऱ्याच्या अर्धं आहे. ९५ वरनं १२८ वर जायचं असेल तर जुळवू नको, तोड. पण तोडायचं ते फ्रेज संपल्यावर, समेवर. मधे कुठंही तोडलेलं आणि फ्रेजवर तोडलेलं, या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नाहीतर रात्रीचा चढच असा बांध की दर गाण्याला दोन-तीन बीपीएम वाढत जाईल, ९५, ९८, १००, १०३, आणि तासाभरात १२८ ला कसं पोचलो ते कुणालाच कळणार नाही.

इंटरनेटवरनं घेतलेल्या रिमिक्सबद्दल पण सांगतो, कारण सगळे तेच वाजवतात. पहिल्या दहा सेकंदांत कुणाचंतरी नाव घोगऱ्या आवाजात येतं, मधीच परत येतं. तुझ्या ट्रांझिशनमध्ये दुसऱ्या डीजेचं नाव दणकून वाजलं की सगळं गेलं. म्हणून प्रत्येक फाईल आधी पूर्ण ऐक, नावाच्या पुढची पहिली स्वच्छ सम शोधून तिथं हॉट क्यू (एका बटणावर ठेवलेली खूण) लाव, धृपदाला दुसरा, बाहेर पडायच्या जागेला तिसरा. शक्य तेवढी गाणी विकत घे, ३२० केबीपीएसची ठेव, मोबाईलवर चालून जाणारी १२८ केबीपीएसची फाईल मोठ्या टॉपवर (डॉल्बीच्या स्पीकरवर) पत्र्यासारखी वाजते. आणि या रिमिक्सचा आवाज प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळं गेन प्रत्येक गाण्याला हेडफोनमध्ये ऐकून आणि मीटर बघून लाव, हिरव्यात राहू दे, अधनंमधनं नारंगी चालेल, लाल नको. लाल गेलं की आवाज वाढत नाही, फाटतो, आणि साउंडवाल्या काकांचे टॉप जळाले तर पुढची ऑर्डर पण गेली.

सुरांचं थोडक्यात. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याची की, म्हणजे पट्टी, दाखवतं, कॅमलॉट पद्धतीत १ ते १२ आकडे आणि पुढं ए नाहीतर बी. ८ए वरनं ८ए, ७ए, ९ए, किंवा ८बी वर गेलास तर सूर भांडत नाहीत. ढोलाच्या नुसत्या ठोक्यावरनं जात असशील तर याची गरजच नाही, पण दोन गाण्यांचं हार्मोनियम, सनई असं काही एकमेकांवर येणार असेल तर बघून घे. पेटी वाजवणाऱ्याला आकड्यांची पण गरज नाही, कानच सांगेल.

घरी जमलं म्हणजे गल्लीत जमेलच असं नाही, त्याचं एक साधं कारण आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे टॉप तुझ्यापासनं २० मीटर लांब असले तर ठोका तुझ्या कानात जवळजवळ ६० मिलिसेकंद उशिरा येतो. त्या लांबच्या आवाजाला हेडफोनमधलं गाणं जुळवलंस तर प्रत्यक्षात तेवढंच चुकलेलं असणार. मिरवणुकीत तर ट्रॅक्टरवरचे टॉप पुढं तोंड करून, तू मागं, दोन्ही बाजूला गल्लीतल्या भिंती, आवाज आपटून परत येतो. बेळगावात कपिलेश्वर तलावाकडं जाणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत नाहीतर शिवजयंतीच्या चित्ररथामागं ज्यानं वाजवलंय त्याला हे माहीत आहे. अशा वेळी जवळ एक छोटा मॉनिटर (तुझ्याकडं तोंड केलेला स्पीकर) मागून घे, तो नसेल तर दोन्ही गाणी हेडफोनमध्येच घेऊन तिथंच जुळव, क्यू-मिक्सचा नॉब मधोमध ठेवला की दोन्ही ऐकू येतात. आणि कंट्रोलरखाली जाड फोम घाल, ट्रॅक्टर हादरतो तेव्हा जॉग व्हीलला नकळत हात लागतो.

हळदीत अजून एक गोष्ट हमखास होते, ऐन रंगात कोणतरी काका चिठ्ठी घेऊन येतात, नवऱ्याच्या मामांचं नाव पुकारा म्हणून. त्यांना नाही म्हणायचं नाही आणि गाणं पण बंद करायचं नाही. प्रत्येक सेटसाठी दोन-तीन गाण्यांत गायक नसलेला १६ ठोक्यांचा तुकडा लूप करून सेव्ह करून ठेव, चिठ्ठी आली की फ्रेज संपल्यावर त्यात जा, मिड थोडा कमी कर म्हणजे माईकचा आवाज वर येतो, "होय काका, बोला" म्हण, नावं झाली की समेवर लूप सोड. नाच चालूच, मामा पण खूष.

वेळेचा हिशोब आधी कर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, सणाचे काही ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण हळदीला ती धरून चालू नको. १० ला पोलीस येऊन बंद करायच्या आधी तूच साडेनऊपासनं उतरायला लाग, शेवटचं गाणं घरच्यांना विचारून ठरव, पावणेदहाला ते सोड आणि पूर्ण वाजू दे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासनं १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं, मांडव कुठं आहे ते आदल्या दिवशी जाऊन बघून ये. आणि कानात इअरप्लग घाल, हेडफोनचा आवाज स्पीकरशी भांडण करत वाढवत जाऊ नको, ज्या कानावर पोट भरायचंय तो कान परत मिळत नाही.

प्रॅक्टिसचं असं कर. वीसेक गाणीच घे, हजार नको, पण ती वीस अशी ओळखीची कर की धृपद कुठं संपतं, म्युझिक किती ठोक्यांचं आहे हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. दोन गाण्यांची जोडी घे आणि तेच ट्रांझिशन परत परत कर, आधी इफेक्टला हात न लावता, फक्त फेडर आणि लो. रोज अर्धा तास रेकॉर्डिंग चालू ठेवून वाजव आणि ते दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच रात्री नको, त्या रात्री आपलं सगळंच भारी वाटतं. ऐकताना जिथं गाणं बदललेलं कळतं तिथली वेळ लिहून ठेव आणि शेजारी कारण लिही, बेस दोन होते, गायक चढला, फ्रेज चुकली, वेग सरकला, गेन कमी पडला. जास्त करून याच पाचातलं एक निघतं. आणि जे सारखं निघतंय, पुढच्या अर्ध्या तासात तेवढ्यावरच काम कर.